काटा हिरव्यात

४ मार्च

बाबांना आज घरी आणलं. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर तिरकं झालं, त्यांचा पाय कठड्याला लागला आणि बाबा स्पष्ट आवाजात म्हणाले, "गाढवा!" स्ट्रेचर धरलेला माणूस दचकला. ताई आणि मी मात्र आनंदाने एकमेकांकडे बघितलं. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, पण हा एक शब्द शाबूत आहे. सारी नोकरी शाळेत पीटी शिकवण्यात गेली, तेव्हा सगळ्यात जास्त वापरलेला शब्द टिकला असणार. दुसरा टिकलेला शब्द म्हणजे "नको". बाकी सगळं हं आणि अं.

ताई आपलं घर वाऱ्यावर सोडून इथे राहायला आली आहे. एरवी या घरात बाबा आणि मी, दोघंच. ती आल्यापासून कळतंय की आम्ही दोघं किती कमी बोलत होतो.

वर्कशॉपकडून दर वर्षी एक डायरी मिळते आणि दर वर्षी ती कोरी राहते. यंदा लिहायचं ठरवलं आहे. कुणाशी तरी बोललं पाहिजे.

६ मार्च

गिळायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई येऊन गेल्या. बाबांना उशांना टेकवून सरळ बसवलं आणि चमचाभर साधं पाणी दिलं. असा ठसका लागला की ओठ निळे पडले. पाणी पोटात न जाता श्वासाच्या नळीत शिरतं म्हणे. मग बाईंनी पिशवीतून लिंबाच्या चवीच्या फसफसणाऱ्या पेयाची बाटली काढली, फोडली आणि त्यातला एक चमचा दिला. गेला! दुसराही गेला.

"बुडबुडे टोचतात ना, त्याने घसा जागा होतो," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना चालतं असं नाही, यांना चालतंय. जेवण घट्ट पेजेसारखं द्या, आणि प्यायला हे. साधं पाणी सध्या अजिबात नाही. आणि हो, फेस गेलेलं देऊ नका. मग त्यात आणि पाण्यात काही फरक नाही."

ताईला हसू आवरेना. "अहो, यांनी जन्मभर पोरांच्या हातातल्या या बाटल्या हिसकावून बेसिनमध्ये ओतल्यात. रंगीत पाणी म्हणायचे."

बाबा हसले नाहीत. म्हणजे हसले असतील तरी आम्हाला कळायला मार्ग नाही. अर्धा चेहरा हलत नाही.

९ मार्च

बाबा एका वेळी तीन-चार चमचे घेतात, मग दमतात. तासा-दीड तासाने पुन्हा. बाटली एकदा उघडली की दुपारपर्यंत तिचा जीव गेलेला. झाकण कितीही आवळा. संध्याकाळच्या चमच्याला ठसका ठरलेला.

ताई म्हणाली, "छोट्या, दर वेळी नवी छोटी बाटली फोड की." (मी पन्नाशीला आलो तरी हिच्या लेखी छोट्याच.) सोपा उपाय आहे, मान्य. पण खरं सांगायचं तर मला काहीतरी करायचं आहे. ताई त्यांचं अंग पुसते, कूस बदलते, पेज भरवते. मी दारात उभा राहून "काही आणू का" विचारतो. बाबांच्या तोंडाजवळ चमचा नेला की निम्मा सांडतो. हे काही माझ्याच्याने होत नाही. पण बाटलीत दाब टिकवणं? त्यावर तर माझं पोट चालतं.

१२ मार्च

झालं! गाडीच्या चाकाला हवा भरायचा व्हॉल्व्ह बाटलीच्या झाकणात भोक पाडून बसवला. शेजारी वर्कशॉपमधल्या मोडीतल्या नळकांड्याचा दाबाचा काटा बसवला. प्लास्टिकची बाटली दाब चांगला सोसते, आधी रिकामीच नुसती हवा भरून मोरीत ठेवून बघितली.

आमच्या कामात एकच देव असतो, काटा. आग विझवायची लाल नळकांडी ऑफिसांतून, शाळांतून वर्षानुवर्षं भिंतीला टांगलेली असतात. आत काय आहे हे फोडून कोण बघतो? काटा हिरव्या पट्ट्यात असला की चिठ्ठीवर सही करायची आणि पुढच्या भिंतीकडे जायचं. पावडरच्या नळकांड्यांत आम्ही नायट्रोजन भरतो. कोरडा, स्वच्छ, ना वास ना चव. त्याचं एक छोटं नळकांडं घरी आणून तोच बाटलीत भरला. बाटली दगडासारखी टणक झाली आणि काटा हिरव्यात जाऊन बसला.

संध्याकाळी झाकण उघडलं तर सुस्स असा झकास आवाज. ताई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय फुटलं?"

"काही फुटलं नाही. तुझ्या भावाचं डोकं चाललं."

बाबांनी चार चमचे घेतले. एक ठसका, पण लहानसा.

१५ मार्च

बाटली मस्त चालते आहे. सकाळ असो, संध्याकाळ असो, काटा हिरव्यात, आवाज कडक. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगून झालं. मालक म्हणाले, पेटंट घे. चेष्टा होती, तरी बरं वाटलं.

बाबांचं मन रमायला लागलं आहे. ताई खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालते तेव्हा ते टक लावून बघतात. झारी भरल्यापासून शेवटची कुंडी होईपर्यंत नजर हलत नाही. शाळेच्या मैदानावर एक झाड नव्हतं आणि या माणसाला त्याचं कधी काही वाटलं नाही. म्हातारपणी माणूस बदलतो. मी बाल्कनीतल्या दोन कुंड्याही उचलून त्यांच्या पलंगाशी आणून ठेवल्या. ताईला म्हटलं, रोज इथेच घाल पाणी, त्यांना करमेल.

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुला खरंच असं वाटतं?"

म्हटलं, वाटतं म्हणजे काय, दिसतंय की.

१८ मार्च

आज रविवार म्हणून अंग पुसताना मी मदतीला होतो. ताईने ओला टॉवेल तोंडावरून फिरवला तर बाबांनी तो दातांत पकडला. सोडेनात. जबडा नुसता हलत होता, गालफडं आत जात होती. ताईने हळूच ओढला तर डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. केवढी ताकद! थेरपिस्ट बाईंना फोन करून सांगितलं पाहिजे, जबड्याचा व्यायाम आपणहून करायला लागलेत.

ताई टॉवेल पिळायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. डोळे लाल होते. दमते बिचारी.

२१ मार्च

ठसके वाढलेत. काल दुपारी तर पाठ चोळून चोळून नाकी नऊ आले. दाब कमी पडत असणार. आज काटा हिरव्याच्या वरच्या टोकाला नेला.

२३ मार्च

एक गंमत लक्षात आली आहे. बाटली आता दोन-दोन दिवस पुरते. म्हणजे बाबा कमी पितात. पण त्यांचे ओठ पूर्वीसारखे सुकलेले नाहीत, जीभही ओली दिसते. याचा अर्थ मी असा लावला की दाब वाढवल्यामुळे थोड्यातच त्यांचं भागतं. ताईला समजावून सांगितलं. ती भांडी घासत होती. पाठमोरीच "असेल" म्हणाली.

हल्ली अंग पुसताना ती दार लावून घेते. मी म्हटलं, मला कसली लाज? तर म्हणाली, "तुला नाही, त्यांना असेल." असेलही. पण अंग पुसून झालं की बाबांचा चेहरा निवांत असतो एवढं खरं.

२६ मार्च

ताप. छाती घरघरते आहे. पहाटे ताईने हाक मारली तेव्हा तिचा आवाज ऐकूनच मी अंथरुणातून उठून धावलो. अॅम्ब्युलन्स, दवाखाना, ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले फुप्फुसात गेलं आहे काहीतरी. काय गेलं, कधी गेलं, विचारत होते. ताई बाबांची चादर नीट करत राहिली. मी म्हटलं, आम्ही सगळं सांगितल्याप्रमाणेच करत होतो.

२८ मार्च

कपडे न्यायला घरी आलो. दोन दिवस धड पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो. बाबांच्या पलंगाशी ती बाटली उभी होती. काटा हिरव्यात. ओतून टाकण्याऐवजी म्हटलं आपणच पिऊन टाकू.

झाकण उघडलं. सुस्स. तोंडाला लावली.

साखरेचं पाणी. नुसतं गोड, मेलेलं पाणी. एक बुडबुडा नाही. पेल्यात ओतून उजेडात धरलं, तळाशी एक कण हलला नाही.

मी इतके दिवस ते एकदाही चाखलं नव्हतं. बाबांची बाटली म्हणून तोंड लावलं नव्हतं असं आता म्हणता येईल, पण ते खोटं आहे. चाखायची गरजच वाटली नाही. काटा बघत होतो ना! बाटली टणक होती, आवाज येत होता. तो आवाज माझ्या नायट्रोजनचा होता. मी माझाच भरलेला गॅस सुटताना ऐकत होतो आणि खूश होत होतो. आणि ठसका वाढला की आणखी दाब, पुन्हा तोच. माझ्या हातांनी भरलेलं ते मी त्यांना रोज प्यायला लावलं.

भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं आहे.

३० मार्च

लंब्याकडे गेलो होतो. हा माझा शाळेतला दोस्त, एका क्लबात पेयांचा काउंटर सांभाळतो. त्याच्याकडे उघडलेल्या मोठ्या बाटल्या आठवडाभर ताज्या राहतात. मी सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही. त्याला बाबांनी मैदानाला चकरा मारायला लावलेल्या आहेत.

"नुसता दाब देऊन नाही होत रे," म्हणाला. "पेयातला गॅस वर मोकळी जागा मिळाली की येतोच बाहेर. वरची जागा त्याच्याच गॅसने भरलेली पाहिजे. दुसरा कुठला कितीही कोंबलास तरी तो याला अडवत नाही."

कार्बन डायऑक्साइड. आमच्याच वर्कशॉपात त्याची नळकांडी रांगेने उभी असतात. अर्थात ती पिण्याच्या कामाची नाहीत, आत तेलबिल काय असेल सांगता येत नाही. लंब्याने त्याच्याकडचा पेयांसाठीचा छोटा सिलिंडर दिला.

दवाखान्याच्या बाकावर ताईला सांगितलं. म्हटलं, ताई, बाबांना हे माझ्यामुळे झालंय. तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "गप बस. तुझ्यामुळे नाही." मी म्हटलं, अगं फेस गेलेलं पाजत होतो मी. ती म्हणाली, "तुझ्यामुळे नाही म्हणते ना!" आणि एकदम हात सोडून चालत पार जिन्यापाशी गेली. ताई नेहमीच माझ्या चुका पांघरत आली आहे.

४ एप्रिल

बाबा घरी. ताप गेला, पण माणूस निम्मा झाला आहे. दवाखान्यात नाकातून नळी घातली होती, ती त्यांनी दोनदा उपसून काढली. दुसऱ्यांदा काढताना नाकातून रक्त आलं. डॉक्टर म्हणतात आठवडाभर तोंडाने देऊन बघा. जमलं नाही तर पोटाला भोक पाडून नळी. बाबा ऐकत होते. सगळं कळतं त्यांना, हे डॉक्टरांना कुणीतरी सांगायला हवं होतं. मीसुद्धा सांगितलं नाही.

६ एप्रिल

नवी बाटली तयार. या वेळी आधी स्वतः चाखली. सकाळी, दुपारी, रात्री. दुसऱ्या दिवशीही जिभेला झिणझिण्या. पेल्यात ओतली की दाणे दाणे वर येतात. काट्याकडे मी बघतही नाही.

बाबांना पहिला चमचा दिला. गेला. ठसका नाही. दुसरा गेला. मी ताईकडे बघितलं. मला रडू येत होतं. तिसरा चमचा नेला तर ओठ मिटले.

"दमले असतील," ताई म्हणाली.

८ एप्रिल

ओठ शिवल्यासारखे. गार करून दिलं, नको. दुसरी चव आणली, नको. लंब्याने तीन प्रकार पाठवले, तीनही नको. चमचा टेकवला की मान भिंतीकडे. आज मी थोडा जोर केला. चमचा दातांवर आपटला आणि पेयाचे ओघळ गळ्यापर्यंत गेले. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चमचा खाली ठेवला.

आता बाटली बिनचूक आहे आणि बाबा पीत नाहीत. आठवडा संपत आला. पोटाला भोक पाडायचं म्हणतात. मी त्यांना म्हटलं, "बाबा, प्या ना हो, मी एवढं करतोय तुमच्यासाठी."

"गाढवा," बाबा म्हणाले. मोठ्याने नाही. कधी नव्हे ते हळू म्हणाले.

१० एप्रिल

वर्कशॉपची किल्ली विसरलो म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आलो. बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ढकललं.

ताई पलंगावर त्यांना छातीशी टेकवून बसली होती. हातात वाटी आणि चमचा. वाटीत पाणी. साधं पाणी. आणि बाबांचं तोंड उघडं. तेच ओठ, जे मी तीन दिवस उघडू शकलो नव्हतो.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहवत नाही. तुला त्यांना मारायचंय का, हेही बोललो. ताईने वाटी खाली ठेवली नाही. बाबांना ठसका लागला, तिने पाठीवर हात फिरवला, ठसका थांबला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दार लाव आणि हळू बोल."

"कधीपासून?"

"तो टॉवेल चोखला ना त्यांनी, त्या दिवसापासून."

"व्यायाम..." मी म्हणालो आणि तिथेच थांबलो.

"कसला व्यायाम रे, छोट्या! तहान होती ती. कुंड्यांत पाणी घालताना बघायचे ते काय झाडं बघायचे? तू आणखी दोन कुंड्या आणून त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवल्यास!" आता तिचा आवाज फुटला. "गोड, टोचणारं, घशात जळणारं पाजत होतो आपण त्यांना. उठता-बसता. मला बघवलं नाही. दोन चमचे पाणी दिलं. मग रोज दिलं. तुझी बाटली मी बेसिनमध्ये ओतायचे थोडी थोडी, अगदीच भरलेली राहिली तर तुला संशय येईल म्हणून. आणि मग ताप आला."

ती हुंदके देऊन रडायला लागली. "तू म्हणत होतास माझ्यामुळे, माझ्यामुळे. मला तोंड उघडता आलं नाही. माझ्या पाण्याने झालं असेल ते. तरी दवाखान्यातून आल्यावर मी पुन्हा दिलं. कारण त्यांनी मागितलं."

"मागितलं? कसं?"

"विचारलं मी. तू विचारलंस कधी?"

मी तिथेच जमिनीवर बसलो. बाबा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. माझ्या बाटलीने झालं की तिच्या पाण्याने, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. वर्कशॉपला गेलो नाही.

११ एप्रिल

थेरपिस्ट बाईंना बोलावून दोघांनी सगळं कबूल केलं. मला वाटलं बाई ताईवर चिडतील. चिडल्या, पण आमच्या दोघांवर सारख्याच.

मग बाई बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांच्याशीच बोलल्या. आवाज न चढवता, लहान मुलाशी बोलल्यासारखं न बोलता. म्हणाल्या, "सर, साधं पाणी छातीत जाण्याचा धोका आहे. पुन्हा ताप येऊ शकतो, आणि तो बरा होईलच असं नाही. आधी तोंड आणि दात नीट स्वच्छ करायचे, ताठ बसायचं, एका वेळी थोडंसंच घ्यायचं, असं केलं तर धोका कमी होतो, जात नाही. दुसरा रस्ता पोटातल्या नळीचा. तो जास्त सुरक्षित आहे. तिसरा, हा बाटलीचा." तिन्ही गोष्टी हातांनी दाखवल्या. नळी. बाटली. पाण्याचा तांब्या.

नळीला बाबा म्हणाले, "नको." बाटलीला "नको" म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे जरा वाईट वाटल्यासारखं. तांब्याला काही म्हणाले नाहीत. डावा हात उचलला आणि त्याच्याकडे नेला. हात अर्ध्यातच खाली पडला. पुन्हा उचलला.

बाई म्हणाल्या, डॉक्टरांशी मी बोलते. जाताना दारात मला म्हणाल्या, "तुमची बाटली फेकू नका. दुसऱ्या एका पेशंटला हवी आहे." मी लगेच पिशवीत घालून दिली, सिलिंडरसकट.

बाई गेल्यावर ताईला विचारलं, माझं चुकलं का गं सगळंच? ती म्हणाली, "सगळं नाही रे." मग म्हणाली, "पण तू त्यांच्याजवळ बसत नाहीस."

१२ एप्रिल

सकाळी ताई उठायच्या आत मी उठलो. बाबांचे दात घासले, जीभ पुसली. चूळ भरता येत नाही, म्हणून ओल्या कापसाने सगळीकडून. मला वाटलं होतं मला किळस येईल. आली नाही. दाढीसुद्धा करून दिली, हनुवटीला थोडं कापलं.

मग ताईसारखा पलंगावर चढून त्यांच्या मागे बसलो आणि त्यांना छातीशी टेकवलं. किती हलके झालेत! त्यांना असं धरलेलं मला आठवत नाही. त्यांनी मला लहानपणी धरलं असेल. वाटीत पाणी घेतलं. ताई दारात येऊन उभी राहिली.

अर्धा चमचा हनुवटीवर सांडला, अर्धा तोंडात गेला. गळ्याची घाटी वर गेली, अडकली, खाली आली. ठसका आला. मोठा आला. त्यांची पाठ माझ्या छातीवर आपटत होती आणि प्रत्येक धक्क्याला माझा जीव जात होता. इथे ना काटा होता, ना हिरवा पट्टा. ठसका थांबला. बाबांनी श्वास घेतला, तो मला माझ्या पोटावर जाणवला.

पुन्हा ताप येईल का, मला माहीत नाही. आला तर हा चमचा मीच दिला होता, हेही माहीत आहे. मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "बाबा, अजून?"

त्यांनी तोंड उघडलं.